थांबायची तारीख कोण सांगणार? आरोग्य खात्यातल्या साहेबांना आणि मेडिकलवाल्यांना एका सलूनवाल्याचं खुलं पत्र

नमस्कार साहेब,

आणि आमच्या तालुक्यातल्या समस्त मेडिकलवाल्या भावांनो, तुम्हांला पण.

मी सलूनवाला. दोन खुर्च्या, भिंतभर आरसा आणि एक पंखा जो लाईट असली तरी स्वतःच्या मर्जीने फिरतो. बावीस वर्षं लोकांची डोकी बघतोय. लोकांच्या डोक्यात काय शिजतंय ते मला कळत नाही, पण डोक्यावर काय उगवलंय ते सगळ्यात आधी मलाच दिसतं, कारण आमच्याकडची माणसं डॉक्टरकडे जातात ती अगदीच आडवी झाल्यावर आणि माझ्याकडे येतात महिन्याला. कोंडा, खवडे, चाई, गजकर्ण, सोरायसिस, सगळं टॉवेल गुंडाळला की समोर.

पत्र लिहायचं कारण असं. आमच्या ग्रामीण रुग्णालयात दर महिन्याच्या दुसऱ्या बुधवारी जिल्ह्यावरून स्किनचे डॉक्टर यायचे. शिमगा झाला आणि ते यायचे बंद झाले. बदली झाली, बंद केलं, तात्पुरतं आहे, कायमचं आहे, काहीच कोणी सांगत नाही. फळ्यावर अजून ऑईलपेंटने लिहिलेलं आहे, त्वचारोग, दुसरा बुधवार. मी तीन बुधवार सलूनचं शटर ओढून गेलो, बुधवार म्हणजे आमचा बऱ्यापैकी धंद्याचा वार, माणसं सोमवार-गुरुवार-शनिवार पाळतात ती सगळी बुधवारी येतात. तिन्ही वेळा खिडकीतल्या ताई म्हणाल्या वरून काही ऑर्डर नाही. चौथ्या वेळी गेलो नाही, हे पत्र लिहायला घेतलं.

आता माझा काय संबंध ते सांगतो. माझ्याच डोक्याला सोरायसिस आहे.

२०१९ च्या पावसाळ्यात सुरू झालं. कानामागे आणि मानेच्या वर जाड पांढरे पापुद्रे, खाली लालभडक, खाजवलं की रक्ताचे टिपके. मला वाटलं कोंडाच, कोंड्यातला माणूस मी, शॅम्पू बदलले, लिंबू चोळलं, आईने सांगितलं म्हणून रात्री नारळाचं तेल थापलं. काही नाही. आणि सलूनवाल्याच्या काळ्या शर्टवर पांढरा चुरा पडतो तेव्हा काय होतं ते तुम्हांला ऑफिसात बसून नाही कळायचं. एक म्हातारे काका, माझ्या वडिलांच्या वेळेपासूनचं गिऱ्हाईक, खुर्चीत बसले, आरशात माझ्याकडे बघितलं आणि म्हणाले, "अरे तुज्याच डोक्यात इतको कोंडो, माका लागतलो मां?" मी हसलो. ते पण हसले. पण पुढच्या महिन्यात ते नाक्यावरच्या दुसऱ्या सलूनमधून बाहेर पडताना दिसले.

मग मेडिकल. दुकानाचं नाव लिहीत नाही, कारण त्या दुकानाच्या जागी तालुक्यातलं दुसरं कुठलंही दुकान टाका, गोष्ट तीच राहील. टोपी काढून दाखवलं, त्याने बघितलं न बघितलं केलं आणि फळीवरची एक ट्यूब पुढे केली. क्लोबेटासॉल, म्हणजे कडक स्टिरॉईडचं मलम, हे मला नंतर कळलं. "लाव, जाईल." किती लावू, किती दिवस, हे मी विचारलं नाही आणि त्याने सांगितलं नाही. आणि खरं सांगू, गेलं! पाचव्या-सहाव्या दिवशी खाज थांबली, दोन आठवड्यात डोकं साफ. मी त्या माणसाला मनातल्या मनात नारळ वाढवला.

बंद केलं, परत आलं. परत लावलं, गेलं. असं करत करत साहेब मी जवळजवळ तीन वर्षं ते मलम लावलं. ट्यूब संपली की पोरगं पाठवायचो, "बाबांची नेहमीची द्या" म्हणायचं, ते देत. चहापावडर आणायला पाठवतात तसं. आणि इथे एक कबुली द्यायची आहे, लपवून काय उपयोग. मी स्वतः चार-पाच गिऱ्हाइकांना तीच ट्यूब सांगितली, एकाला तर खणातली अर्धी वापरलेली काढून दिली. त्यामुळे या पत्रात मी कोणाला चोर म्हणत नाहीये, मी पण त्याच रांगेत उभा आहे.

तिसऱ्या वर्षी कपाळ बिघडायला लागलं. केसांच्या रेषेखाली कातडी चकचकीत, पातळ, आतल्या बारीक लाल शिरा कोळ्याच्या जाळ्यासारख्या दिसायला लागल्या, पुळ्या येऊ लागल्या. मलम डोक्याला, आणि बिघाड कपाळावर, मला गणितच लागेना. मग कोणीतरी व्हॉट्सॲपवर पाठवलं की स्टिरॉईड म्हणजे विष, लिव्हर जाते, किडनी जाते. घाबरून एका दिवसात सगळं बंद केलं. दहा दिवसात जे उसळलं ते आधीपेक्षा दुप्पट, अख्खं डोकं, कानाच्या पाळ्या, मान. पावसात मी टोपी घालून केस कापत होतो आणि टोपीच्या आत आग.

मग दुसरा बुधवार. रांगेत दोन तास आणि आत दहा मिनिटं. पण ती दहा मिनिटं साहेब, तीन वर्षांत मला कोणी दिली नव्हती.

त्या डॉक्टर बाईंनी पहिलं वाक्य काय म्हटलं तर औषध चुकीचं नव्हतं. डोक्याच्या सोरायसिसला स्टिरॉईड हेच पहिल्या फळीतलं औषध आहे, जगभर तेच देतात. चुकलं ते कुठलं, कशातलं, किती आणि कधीपर्यंत. मग एकेक करून सांगितलं. स्टिरॉईड म्हणजे एक वस्तू नाही, त्याला ताकदीच्या पायऱ्या आहेत, खाली हायड्रोकॉर्टिसोन, वर क्लोबेटासॉल, म्हणजे मी सुरुवातच सगळ्यात वरच्या पायरीवरून केली होती. क्लोबेटासॉल सलग दोन आठवडे, डॉक्टरच्या नजरेखाली काही जणांना चार, आणि आठवड्याला सगळं मिळून ५० ग्रॅमच्या वर नाही. सांगा आता, दोन आठवडे कुठे आणि तीन वर्षं कुठे. कपाळ का बिघडलं तेही कळलं, कपाळाची कातडी हाताच्या कातडीपेक्षा कितीतरी जास्त औषध पिते आणि आमच्याकडच्या घामात डोक्यावरचं मलम वितळून तिथेच उतरतं.

मग म्हणाल्या, केसांत मलम लावताच कशाला? मलम केसांना लागतं, चामडीला पोचतच नाही, आणि पोचावं म्हणून माणूस जास्त थापतो. डोक्यासाठी तेच औषध लोशनमध्ये येतं, पाण्यासारखं पातळ, भांग पाडायचा, चामडीवर थेंब सोडायचे, बोटाने हलकं पसरायचं, पुढचा भांग पाडायचा. बावीस वर्षं मी लोकांचे भांग पाडतो आणि स्वतःच्या औषधाला भांग पाडायचा असतो हे मला माहीत नव्हतं. क्लोबेटासॉल शॅम्पूतसुद्धा येतं, कोरड्या डोक्याला लावून पंधरा मिनिटांनी धुवायचं. आणि त्याच्याआधी खपल्या सैल करायच्या, सॅलिसिलिक ॲसिडवालं औषध त्यासाठी, कारण जाड खपलीवर औषध टाकणं म्हणजे कौलांवर पाणी ओतून चुलीवरचं भांडं भरायची वाट बघणं (ही उपमा माझी, बाईंची नाही). खपली नखाने किंवा फणीने ओरबाडायची नाही. सोरायसिसवाल्याच्या कातडीला जिथे इजा होते तिथे नवा चट्टा येऊ शकतो. हे ऐकून मी गार. झिरो मशीन, वस्तरा, जोरात फणी, आमचा धंदाच तो.

शेवटी त्यांनी लोशनच्या खोक्यावर बॉलपेनने मोठ्या अक्षरात लिहिलं: "१८ तारखेपर्यंत रोज रात्री. नंतर फक्त शनिवार-रविवार. बुधवारी दाखवायला या."

साहेब, ते खोकं मी अजून टाकलेलं नाही. तीन वर्षांत मला औषध द्यायला सगळे होते, थांबायची तारीख द्यायला ती एकच बाई.

चार महिन्यात डोकं सत्तर-ऐंशी टक्के शांत झालं, मध्ये हळूहळू क्लोबेटासॉलवरून खालच्या ताकदीचं दिलं, बिगर स्टिरॉईडचं दुसरं एक औषध जोडलं. बरा झालो असं म्हणत नाही, सोरायसिस मुळासकट जात नाही, आत शरीराची प्रतिकारशक्तीच कातडीच्या मागे लागलेली असते, तो आटोक्यात ठेवायचा असतो. आणि तो लागत नाही. काकांनो, वाचत असाल तर, टॉवेलने, फणीने, शेजारी बसून, कशानेच लागत नाही. आता तो बुधवारच गेला.

म्हणून तक्रारी लिहितो, नंबर टाकून लिहितो म्हणजे तुमच्या फायलीत बरं पडेल.

एक, अर्थातच बुधवार. खाजगी स्किन डॉक्टर तालुक्यात एक पण नाही. जिल्ह्याच्या ठिकाणी जायचं तर सकाळची एसटी, संध्याकाळची एसटी, अख्खा दिवस आणि दिवसाची कमाई. नाहीतर फोंडाघाट चढून कोल्हापूर. पावसात घाटात दरड आली की तेही बंद. डोक्याला खाज सुटली म्हणून एवढं कोण करतो? कोणी करत नाही. मेडिकलमध्येच जातो.

दोन, रुग्णालयाच्या औषध खिडकीत डोक्याच्या आजारालाही मलमाचीच ट्यूब मिळते. बाईंनी लोशन लिहिलं की ताई म्हणायच्या बाहेरून घ्या. जे घेऊ शकतात ते घेतात. होडीवर जाणारा खलाशी किंवा मजुरीवरची बाई ती ट्यूबच केसांत चोळते, मग म्हणते सरकारी औषधाला गुण नाही.

तीन, मेडिकलवाले भाऊ, हे तुमच्यासाठी. रागावू नका. मार्च २०१८ मध्ये केंद्र सरकारने कातडीवर लावायची १४ स्टिरॉईडं शेड्यूल एच मध्ये घातली, म्हणजे डॉक्टरच्या चिठ्ठीशिवाय विकायची नाहीत. त्याच वर्षी सप्टेंबरात ३२८ मिश्र औषधांवर बंदी आली, त्यात स्टिरॉईड, अँटिबायोटिक आणि फंगसचं औषध एकाच ट्यूबमध्ये कोंबलेली मलमं होती. हे तुम्हांला माझ्यापेक्षा चांगलं माहीत आहे, तुमचा तो अभ्यासच आहे. मग "नेहमीची द्या" म्हणणाऱ्या बारा वर्षांच्या पोराला ट्यूब कशी काय मिळते? ट्यूबवर लाल रेघ आहे, इशारा आहे, पण तो इंग्रजीत, मुंगीच्या पायाएवढ्या अक्षरात. आमच्या आयेने तो कसा वाचायचा?

मला कळतं, तुम्ही नाही दिलं तर गिऱ्हाईक पुढच्या दुकानात जातं. माझं पण गेलं होतं. पण पोरांचं काय होतं ते ऐका.

बुधवार बंद झाला त्यानंतर लगेच एक सात वर्षांचा मुलगा आला केस कापायला, आई बरोबर. टाळूवर बशीएवढा गोल चट्टा, तिथले केस मुळाशी तुटलेले, काळे ठिपके राहिलेले. आई म्हणाली, आधी रुपयाएवढा होता, मेडिकलमधून मलम आणलं, चार दिवसांत खाज गेली म्हणून लावत राहिलो. मी मशीन खाली ठेवली. हे मी पाहिलेलं होतं, हे फंगस, डोक्यातलं गजकर्ण. त्यावर स्टिरॉईड लावलं की लाली बसते, खाज बसते, आणि ती बुरशी आत आरामात पसरते, वरून बघणाऱ्याला ओळखू पण येत नाही. आणि सोरायसिस लागत नाही पण हे लागतं! फणीने, टोपीने, टॉवेलने, माझ्या मशीनने. मी त्यांना बसवून ठेवलं, मुलाच्या वडिलांना फोन लावला, घाटावर पाठवलं. तिथे खपली खरवडून काचेवर तपासली आणि पोटातून गोळ्या दिल्या, दोन महिने, कारण डोक्यातल्या गजकर्णाला नुसतं वरून लावून भागत नाही, ते केसाच्या मुळात बसलेलं असतं. धाकट्या बहिणीला पण निघालं, एकच फणी घरात. दोघांचे केस आले परत, देवाची कृपा. बुधवार चालू असता तर ते रिक्षाने वीस मिनिटांत झालं असतं.

म्हणजे बघा, एकाच ट्यूबने माझा सोरायसिस पण पहिल्या आठवड्यात शांत होतो आणि त्या पोराचं गजकर्ण पण. काउंटरच्या पलीकडून फरक कसा कळणार? आणि साधा कोंडा असतो तो तिसराच, नाकाच्या कडेला, भुवयांत पण तेलकट पिवळट खवले येतात, त्याला बहुतेक वेळा कीटोकोनाझोलचा, म्हणजे बुरशीच्या औषधाचा शॅम्पू आठवड्यातून दोनदा, तीन ते पाच मिनिटं ठेवून धुतला तरी पुरतो, स्टिरॉईड लागलंच तर थोडे दिवस. कोंड्यातली बुरशी आपल्या कातडीच्या तेलावरच जगते म्हणून बाईंनी कोंडेवाल्यांना रात्रभर तेल थापू नका सांगितलं होतं. कोकणातल्या माणसाला डोक्याला तेल लावू नको सांगणं म्हणजे मासे सोड सांगण्यासारखं आहे, अर्धी रांग तिथेच नाराज झाली.

चार, उलट बाजूचा घोळ. आमच्या वाडीतल्या एका वयनींना बाईंनी लोशन लिहून दिलं होतं, त्यांनी स्टिरॉईड शब्द ऐकला आणि बाटली उघडलीच नाही. डोकं खाजवून खाजवून पू झाला, रात्रीची झोप नाही, लग्नकार्यात जायचं बंद. कातडीला लावायचं पहिलं स्टिरॉईड १९५२ साली वापरात आलं, सत्तरच्या वर वर्षं झाली, नीट मापाने वापरलं तर चांगलं औषध आहे. पण मापाने म्हणजे किती हे मराठीत कोणी सांगतच नाही, मग माणूस एकतर घाबरून लावत नाही नाहीतर बिनधास्त लावत सुटतो. मला बाईंनी अंगावरच्या चट्ट्यांचं माप बोटाच्या पेरावर शिकवलं होतं. तर्जनीच्या शेवटच्या पेराएवढी मलमाची रेघ ओढायची, ती साधारण अर्धा ग्रॅम, बोटांसकट दोन तळहातांएवढ्या जागेला पुरते. एवढं सोपं. हे एका कागदावर चित्र काढून छापायला काय लागतं?

मागण्या आता. फार नाहीत.

दुसरा बुधवार परत सुरू करा. डॉक्टरच नसतील तर तसं फळ्यावर लिहा, निदान माणसाची एसटी आणि दिवस वाचेल. आणि तोवर टेलिमेडिसिनवर महिन्यातला एक दिवस फक्त कातडीसाठी ठेवा, रुग्णालयात बसून नर्सताई डोक्याचे नीट फोटो काढून पाठवतील, केस बाजूला करून धरायला माणूस लागला तर मला बोलवा, मी फुकट येतो, मस्करी नाही करत.

औषध खिडकीत डोक्यासाठी लोशन ठेवा, एक कडक आणि एक सौम्य. आणि फंगसचा शॅम्पू.

औषध तपासणीवाल्या साहेबांनी वर्षातून एकदा येऊन चहा पिऊन जाऊ नये. चिठ्ठीशिवाय स्टिरॉईड विकलं जातंय का ते बघायचं असेल तर सोपं आहे, साध्या कपड्यात या आणि डोकं खाजवत काउंटरवर उभे राहा.

मेडिकलवाल्या भावांकडे मागणी एकच. चिठ्ठी असेल तरच द्या, आणि देताना खोक्यावर बॉलपेनने मराठीत तीन गोष्टी लिहा. कुठे लावायचं, दिवसातून किती वेळा, आणि कुठल्या तारखेला थांबून डॉक्टरला दाखवायचं. चिठ्ठीत तारीख नसेल तर डॉक्टरला फोन लावून विचारा. ज्यांचं महिनोन् महिने चालू आहे त्यांना एकदम बंद करा म्हणू नका, माझं काय झालं ते वर लिहिलंय, त्यांना डॉक्टरकडे पाठवा.

आणि आम्हा सलूनवाल्यांना एक दिवस बोलवा, शिकवा. लहान मुलाच्या डोक्यावर गोल चट्टा दिसला तर काय करायचं, मशीनचं ब्लेड कसं साफ करायचं, सोरायसिसवाल्याचे केस कसे हलक्या हाताने कापायचे. २९ ऑक्टोबरला जागतिक सोरायसिस दिवस असतो, त्या दिवशी ठेवा, तालुक्यातली सगळी सलूनं मी गोळा करतो, ती जबाबदारी माझी.

मी माझ्या बाजूने सुरुवात केली आहे. खणातल्या ट्यूबा फेकल्या. ज्या चार-पाच जणांना सांगितली होती त्यातले तीन सापडले, त्यांना सांगितलं. एक मुंबईला गेलाय, गणपतीत येईल. दर दोन गिऱ्हाइकांमध्ये ब्लेड पुसतो, टॉवेल वेगळे केलेत, कोणी आरशात माझ्या डोक्याकडे बघितलं की मीच आधी सांगतो, सोरायसिस आहे, लागत नाही.

पुढच्या महिन्याच्या दुसऱ्या बुधवारी मी परत शटर ओढून येणार आहे. केसपेपर काढून बाकावर बसणार आहे. माझ्या बरोबर वयनी आहेत, त्या मुलाची आई आहे, अजून सात-आठ जण आहेत. आत कोणी असेल तर दाखवू. नसेल तर ताईंकडे या पत्राची कागदावरची प्रत देऊ आणि पोचपावती घेऊ.

आपला,
दोन खुर्च्यांचा सलूनवाला